वेढे मोजता मोजता
ट्रान्सफॉर्मर घरी गुंडाळायचा तर गणित सोपंय, वाट लागते ती बोटांची. माझ्या कोअरचा (वेढे ज्यावर बसतात त्या लोखंडी गाभ्याचा) मधला पाय 9 चौरस सेंमी, 50 हर्ट्झला गाभ्यातलं चुंबकत्व 1 टेस्ला धरलं की व्होल्टमागे साधारण 5 वेढे, म्हणजे 230 व्होल्टच्या प्रायमरीला, म्हणजे मेन्सकडच्या गुंडाळीला, 1150! सातशेच्या आसपास फोन वाजला नि आकडाच विसरलो, सगळं उलगडून परत पहिल्यापासून, आता दर शंभराला कागदावर रेघ मारतो. 12 व्होल्टच्या सेकंडरीला, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या गुंडाळीला, 60 होतात पण लोडवर व्होल्टेज पडतं म्हणून 63 घातले. या दोन गुंडाळ्यांमधल्या इन्सुलेशनला मात्र कंजुषी नको हं, जिवाशी खेळ आहे. पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये बल्ब लावला (आत शॉर्ट असेल तर तो पेटलेलाच राहतो), क्षणभर चमकला नि विझला, हुश्श! ट्रान्सफॉर्मर थोडा गुणगुणतोय अजून, कोअरच्या पट्ट्या घट्ट आवळायला हव्यात.