जॉबवर्क ते स्वतःचा व्हॉल्व्ह: आमची वाटचाल

सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही जॉबवर्कच केलं. माल दुसऱ्याचा, ड्रॉइंग दुसऱ्याचं, भाव ठरवणाराही दुसराच. त्यांनी हात आखडता घेतला की आमच्या मशिनी बसून. म्हणून स्वतःच्या नावाचा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह, म्हणजे दाबाखालच्या तेलाची वाट उघडणारा-बंद करणारा भाग, काढायचं ठरवलं. पिना आणि बुश कातणाऱ्या कारखान्यासाठी ही उडी मोठीच होती.

‘आता आपण जागतिक दर्जाचं उत्पादन करणार’ असं भाषण ठोकलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. मालकाच्या भाषणाला त्या पडतातच. मी फळ्यावर एकच ओळ लिहिली: स्पूल आणि बोअरमधली फट १० मायक्रॉनच्या आत. स्पूल म्हणजे व्हॉल्व्हमध्ये सरकणारा दांडा, बोअर म्हणजे तो ज्यात सरकतो ते बॉडीतलं भोक, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि तोवर आम्ही ५० मायक्रॉनच्या टॉलरन्सवर, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकावर, खूश होतो. आमचा सर्वांत जुना सेटर ओळ वाचून म्हणाला, “साहेब, हे लेथचं काम नाही.” खरंच होतं. बोअरला होनिंग (आतून बारीक घासून माप आणणं) लागणार, स्पूलला ग्राइंडिंग, ही चर्चा तिथल्या तिथे सुरू झाली. ‘जागतिक दर्जा’वर त्याला काय बोलता आलं असतं?

आकडा समोर असला की प्रश्नही नेमके येतात. तपासणीतल्या मुलीने विचारलं, ग्राइंडिंगवरून उतरलेला स्पूल नापास होतो आणि तासाभराने तोच पास कसा? कारण उष्णता. २० मिलिमीटर व्यासाचा पोलादी स्पूल १० अंशांनी तापला तर दोनेक मायक्रॉन फुगतो. ५० मायक्रॉनच्या कामात हे कुणाच्या लक्षातही येत नाही, इथे मात्र त्यावर माल अडतो. मोजमापाचं प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सियस धरतात. तेव्हापासून स्पूल आणि बॉडी तपासणीच्या खोलीत एकत्र निवल्याशिवाय मायक्रोमीटर लावायचा नाही, असं ठरलं.

खरी धाकधूक वेगळीच होती: जॉबवर्क बंद होणार का, माणसं कमी होणार का? ते मी कुणी विचारायच्या आधीच सांगितलं. व्हॉल्व्ह स्वतःचा खर्च काढेपर्यंत जॉबवर्क चालू राहील, कुणाला काढणार नाही, पगारवाढीचं अजून ठरलेलं नाही. शेवटचं वाक्य कुणाला आवडलं नाही, पण निदान अफवा थांबल्या.

आज जॉबवर्क निम्म्यावर आलंय. पुढे प्रपोर्शनल व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या सिग्नलच्या प्रमाणात कमी-जास्त उघडणारा, करायचाय. त्यात इलेक्ट्रॉनिक्स आलं, आणि ते येणारा माणूस आमच्याकडे नाही. हेही सगळ्यांना सांगून झालंय; दोघं जण शिकायला तयार आहेत.