लंबक, स्टॉपवॉच आणि हरवलेला एक सेंटिमीटर

शनिवार, रात्र

आज एकही नवी मोजणी झाली नाही, तरी प्रकल्प आजच खऱ्या अर्थाने पुढे सरकला.

साध्या लंबकावरून, म्हणजे दोऱ्याला टांगलेल्या गोळ्यावरून, गुरुत्वत्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग पृथ्वीच्या ओढीने ज्या दराने वाढतो तो) काढायचे, एवढाच आमचा मूळ बेत होता. सरांनी तो ऐकून घेतला आणि विचारले, “उत्तर पुस्तकात छापलेले आहे, मग तुम्ही शोधणार काय?” प्रश्न झोंबला, पण त्यातूनच नवा विषय निघाला: कोन लहान असेल तर आवर्तकाल (एका पूर्ण दोलनाला लागणारा वेळ) आयामावर, म्हणजे गोळा मधल्या जागेपासून किती लांब झुलतो त्यावर, अवलंबून नसतो असे आपण पाठ करतो, तर हे ‘लहान’ म्हणजे किती, आणि साध्या स्टॉपवॉचला फरक कुठपासून कळतो?

दोरा बांधण्यापूर्वीच गणित मांडले होते. एक मीटर लांबीच्या लंबकाची २० दोलने सुमारे ४० सेकंदांत होतात. गोळा ३० अंशांवरून सोडला तर आवर्तकाल साधारण १.७ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २० दोलनांमागे जवळजवळ ०.७ सेकंद; १५ अंशांवर मात्र ही वाढ ०.१७ सेकंदांपर्यंत घटते आणि बटण दाबणाऱ्या हाताची चूक, जी सहज ०.२ सेकंद असते, तिला गिळून टाकते. म्हणून लहान कोनांसाठी प्रत्येक मोजणी दहादा घेऊन सरासरी काढायचे ठरले.

गेल्या आठवड्यात लहान कोनांवरून गुरुत्वत्वरण दर वेळी पुस्तकातल्या ९.८ ऐवजी ९.७ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास येत होते, आणि आकडे एकमेकांशी इतके जुळत होते की आम्ही खूश होतो. आज मैत्रिणीने पट्टी लावून पाहिली, तेव्हा लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत न मोजता वरच्या टोकापर्यंतच मोजल्याचे दिसले. एक सेंटिमीटर त्रिज्या हिशेबातून सुटली होती. मैत्रीण वहीची सगळी पाने रद्द करायला निघाली होती, पण वेळा खऱ्याच होत्या, चूक फक्त लांबीत होती, आणि दोन कोनांच्या आवर्तकालांचे गुणोत्तर तर लांबीवर अवलंबूनच नसते.

खरे दुखणे दोलनांच्या चित्रफितीत सापडले. ४० अंशांवरून सोडलेला गोळा विसाव्या दोलनापर्यंत ४० अंशांवर राहतच नाही, हवेच्या रोधाने कोन घटत जातो, आणि आम्ही वहीत बिनदिक्कत ‘४०’ लिहिले होते. त्या नोंदी मी तांबड्या शाईने खोडल्या. मोठ्या कोनांसाठी आता दहाच दोलने मोजायची आणि सुरुवातीचा व शेवटचा असे दोन्ही कोन नोंदवायचे. तिथे फरक अर्ध्या सेकंदाहून मोठा असल्याने स्टॉपवॉचला तो दिसेल. वेळही टोकाशी नव्हे, मधल्या खुणेवर मोजायची, कारण टोकाशी गोळा नेमका केव्हा परततो हे डोळ्यांना कळत नाही.

सोमवारी कोनमापक पुन्हा बसवायचा आहे.