बाणावरचे थर: पॉलिश, पट्टे आणि पिसं

हाताने केलेला लाकडी बाण सजवायचा म्हटलं की आधी रंगीत पट्टे डोळ्यांपुढे येतात. पण बाण बिघडतो तो पट्ट्यांखाली. कोणता थर कशावर बसतो आणि कशावर बसत नाही, एवढं पक्कं असलं तर सजावट चार पावसाळे टिकते. आपल्या बेळगाव भागात तर हे जास्तच सांभाळावं लागतं. खानापूरकडे जून ते सप्टेंबर उघडी दांडी हवेतलं पाणी पीत राहते, सरळ केलेला बाण पुन्हा वाकतो आणि बारा बाणांची वजनं बारा वाटांनी जातात. अथणी-रायबागची हवा कोरडी, तिथे तेच काम वेगळं वागतं. त्यामुळे पुढे दिलेल्या वाळायच्या वेळा आपल्या गावच्या हवेप्रमाणे पुढे-मागे कराव्यात. कामाचा उत्तम काळ दिवाळी ते मार्च, आणि थंडीत सकाळचं दव गेल्यावर, अकरा ते चार.

दांडी सरळ करणं, टोकाचा आणि खाचेचा उतार (निमुळता भाग) काढणं ही कामं रंगाआधीच संपवा. मग पॉलिश पेपर १५०, २२० आणि ३२० या क्रमाने, नेहमी रेषांच्या दिशेने. आडवा घासलेला ओरखडा तेव्हा दिसत नाही, रंग चढला की तोच सगळ्यात आधी दिसतो. शेवटी ओल्या फडक्याने दांडी एकदा पुसा, वाळू द्या. उभे राहिलेले तंतू ३२० ने हलकेच उतरवा. ही पायरी गाळली तर पाण्यातला रंग लावताच दांडी खरखरीत होते आणि घासायला जावं तर रंगच निघतो.

वजन इथेच करून घ्या. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा पुरतो. बाणांची वजनं ग्रेनमध्ये सांगतात, १ ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम. बारा बाण १० ग्रेनच्या आत, म्हणजे साधारण ०.६५ ग्रॅममध्ये बसले तर संच चांगला. जड दांडीला पातळ थर आणि हलकीला एक जास्तीचा थर देऊन थोडा फरक भरून काढता येतो, पण दोन-चार ग्रेनच. जास्त फरक असला तर ती दांडी संचातून बाजूला काढावी.

लाकडाचा रंग बदलायचा असेल तर बाजारचा वूड स्टेन आहेच. मला मात्र हिरड्याचा काळा रंग सगळ्यात आवडतो. अर्धा लिटर पाण्यात तीन चमचे हिरड्याची पूड उकळा, गाळा, गार झाल्यावर दांडीला दोन हात द्या. दुसरीकडे साबणाने तेल काढलेलं स्टील वूल व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. ते पाणी गाळून हिरडा प्यायलेल्या दांडीवर फिरवलं की मिनिटाभरात करडा आणि मग काळा रंग उमटतो. दांडी पाईनची असेल तर त्यात टॅनिन (लोखंडाशी मिळून काळा रंग देणारा तुरट अंश) कमी असतं, म्हणून नुसतं लोखंडाचं पाणी लावलं तर मळकट राखाडी डाग पडतात. हिरडा ती कमतरता भरून काढतो. दांडी पूर्ण रात्र वाळवा.

आता मुख्य थर. चार पर्याय हाताशी असतात.

चपडा लाख सगळ्यात सोपी: १०० ग्रॅम लाख ४०० मिलि स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून गाळायची, पहिला हात त्यातच तितकंच स्पिरिट घालून पातळ करून द्यायचा. तासाभरात वाळते. पण पावसाळी हवेत लावली तर पांढरट पडते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ ओल्या थरात अडकते, म्हणून. भिजवलेली लाख सहा महिन्यांच्या आत वापरावी, जुनी झाली की चिकट राहते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर झटपट वाळतं, पावसाळ्यात त्यालाही हाच पांढरेपणा येतो, शिवाय त्यातला थिनर खालच्या ऑइल पेंटला सुरकुत्या पाडतो. जवसाचं तेल हाताला फार छान लागतं, पण तेल प्यायलेल्या लाकडावर पिसांचा गोंद धरत नाही. तेलच हवं असेल तर मागची २५ सेंमी दांडी कोरडी ठेवा. आणि तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

बाणासाठी माझा कौल पॉलियुरेथेन या पारदर्शक वॉर्निशला. फडक्याने तीन पातळ हात, दोन हातांमध्ये २४ तासांचं अंतर, मध्ये ४०० चा पेपर हलकेच. जाड एक हात दिला की ओघळ येतात आणि वरून वाळून आत ओलं राहतं. मात्र मेण असलेल्या साध्या चपडा लाखेवर पॉलियुरेथेन नीट धरत नाही, म्हणून हे दोन एकत्र करू नका. बुडवून लावायचं असेल तर एका बाजूने बंद केलेला इंचभर पीव्हीसी पाइप घ्या आणि दांडी सावकाश, एका चालीने बाहेर काढा. घाईने काढलं तर खालच्या टोकाला थेंब जमतो. वाळायला कपड्यांच्या चिमट्याने उभी टांगा, भिंतीला तिरकी टेकवू नका.

टोकाचा उतार कोराच ठेवा. लोखंडी टोक बसवायची गरम डिंककांडी रंगावर धरत नाही, टोक निशाणात राहतं आणि बाण हातात येतो. प्लॅस्टिकचं नॉक (दोरी अडकवायची खाच असलेली मागची टोपी) वापरत असाल तर मागचा उतारही कोरा हवा, रंगाच्या जाडीने नॉक तिरकं बसतं.

मागच्या २० ते २३ सेंमीला पांढरा किंवा पिवळा तळ दिला की गवतात पडलेला बाण सापडतो आणि पट्ट्यांचे रंग उठून दिसतात. ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात. कडेला मास्किंग टेप लावा आणि रंग पुरता वाळायच्या आत काढा, नाहीतर कड तुटते.

पट्ट्यांसाठी दांडी फिरती हवी. दोन लाकडी ठोकळ्यांना व्ही आकाराची खाच पाडून त्यावर दांडी ठेवा, टोक रबरी नळीने हळू चालणाऱ्या ड्रिलला जोडा. वेग कमीच हवा. ब्रश स्थिर, बाण फिरता. रंग दुधापेक्षा जरा दाट. आधी पाव इंची चपट्या ब्रशने रुंद पट्टे, ते वाळले की त्यांच्या दोन्ही कडांवर लायनर ब्रशने (बारीक रेघांचा ब्रश) मिलिमीटरभर काळी किंवा सोनेरी रेघ. रुंद पट्ट्याची कड कितीही जपली तरी थोडी दातेरी येतेच, ती या रेघेखाली झाकली जाते. सगळ्या बाणांवर मापं सारखी यावीत म्हणून कागदाच्या पट्टीवर नक्षी आखून ती प्रत्येक दांडीशेजारी धरा. चूक झाली तर ओल्या इअरबडने लगेच पुसा. खाली पॉलियुरेथेन असल्याने डाग राहत नाही. पट्ट्यांआधी दांडी बंद करायची ती याचसाठी.

नक्षी शोधायला लांब जायला नको. इरकलच्या पदरातला लाल आणि त्यात पांढऱ्या बारीक रेघा बाणावर फार देखण्या दिसतात. स्पर्धेत उतरायचं असेल तर वर्ल्ड आर्चरी या तिरंदाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार एका फेरीतल्या सगळ्या बाणांची पिसं, नॉक आणि पट्टे एकसारखे असावे लागतात आणि दांडीवर तिरंदाजाचं नाव किंवा आद्याक्षरं लागतात. दांडीचा व्यास ९.३ मिमीच्या वर चालत नाही. ११/३२ इंची दांडी ८.७ मिमी भरते, तिथे काळजी नाही. २३/६४ इंची मात्र मुळातच ९.१३ मिमी असते, रंगाचे जाड थर चढवले तर ती मर्यादा ओलांडेल. व्हर्निअर कॅलिपरने जाडी मोजूनच पुढे जा.

पट्ट्यांवर एक पातळ पारदर्शक हात हवा. इथे पाण्यातलं पॉलियुरेथेन घ्या, तेलातलं पांढऱ्याला पिवळट करतं.

पिसं सगळ्यात शेवटी. संचातली सगळी एकाच बाजूच्या पंखाची हवीत. उजव्या-डाव्याची सरमिसळ झाली की बाण फिरतच नाही, भरकटतो. घारीची, मोराची नकोत, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहे. टर्की किंवा पाळीव हंसाची घ्या. पीस म्हणजे प्रथिन, त्यामुळे सुती कापडाचे रंग त्यावर चढत नाहीत. रेशमाला वापरतात तो ॲसिड रंग, थोडं व्हिनेगर आणि साठेक अंश गरम पाणी लागतं. उकळतं पाणी पिसाला मुरडतं. आधी साबणाने धुवायचं, त्यावरचं तेल गेलं नाही तर रंग ठिपक्यांनी बसतो.

गोंद लागायच्या जागांची चमक ४०० च्या पेपरने घालवा आणि तोच गोंद आधी तशाच रंगवलेल्या तुकड्यावर लावून २४ तास ठेवा. ॲसिटोन असलेला गोंद ॲक्रिलिक पट्टे विरघळवतो. लाख लावलेली दांडी स्पिरिटने पुसू नका, लाखच निघून येईल. साधा पांढरा फेव्हिकॉल पावसात सुटतो. तिन्ही पिसं १२० अंशांवर, वेगळ्या रंगाचं पीस खाचेला काटकोनात. पुढच्या टोकाला रेशमी धाग्याचे सहा-सात वेढे घेऊन शेवट वेढ्यांखालून ओढा आणि त्यावर गोंदाचा थेंब द्या. बेळगावात शहापूर-वडगावच्या विणकरांकडे असा धागा मिळतो. हे वेढे शोभेचे नाहीत: पिसाच्या देठाचं उघडं टोक बाण सुटताना बोटावरून जातं आणि कातडी फाडतं.

पाऊस संपला की प्रत्येक बाण हातात फिरवून बघा. थर उडालेली जागा नखाला लागते. तेवढीच ४०० ने घासून, दोन दिवस उन्हात न ठेवता सावलीत वाळवून, पातळ हात द्या. ओल आत असताना वरून बंद केलं तर त्याच जागी पुन्हा फोड येतो.