फटी बुजवण्याचे काम : आमची वाटचाल

भोसरीतील एका टूलरूममध्ये मी डाय डिझाइनचे काम करीत होतो, तेव्हा ग्राहकाकडून आलेली सरफेस फाइल (भागाचा आकार पृष्ठभागाच्या तुकड्यांनी मांडणारी संगणकीय फाइल) उघडल्यावर पहिले दोन दिवस तिच्या डागडुजीतच, म्हणजे तुकड्यांमधल्या फटी जोडण्यातच, जात असत आणि त्या दोन दिवसांची मजुरी कोणत्याही कोटेशनमध्ये धरलेली नसे. आमची फर्म उभी राहिली ती या न धरलेल्या दिवसांवरच. चिंचवडमध्ये भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या, संगणकही दोनच होते. सिम्युलेशनच्या, म्हणजे भागाची चाचणी संगणकावर गणिताने करून पाहणाऱ्या, सॉफ्टवेअरचा परवाना आवाक्याबाहेरचा असल्यामुळे सुरुवातीला आम्ही ग्राहकाच्या कचेरीत, त्यांचे इंजिनिअर घरी गेल्यावर, त्यांच्याच परवान्यावर काम करीत असू.

पडद्यावर तर भाग अखंड दिसतो, मग त्यात जोडायचे काय, असा प्रश्न नातेवाइकांपासून बँकेच्या अधिकाऱ्यांपर्यंत अनेकांनी मला विचारला आहे. डोळ्यांना अखंड दिसणारा भाग प्रत्यक्षात शेकडो लहानमोठ्या पॅचेसचा, म्हणजे पृष्ठभागाच्या तुकड्यांचा, बनलेला असतो, आणि दोन वक्र पॅच जिथे एकमेकांना छेदतात ती रेषा कोणतेही सॉफ्टवेअर सहसा अचूक साठवत नाही. दोन बायक्यूबिक, म्हणजे दोन्ही दिशांना तिसऱ्या कोटीच्या, पॅचेसच्या छेदवक्राची बैजिक कोटी 324 पर्यंत जाऊ शकते (शाळेत बहुपदीची कोटी शिकलो होतो, तीच ही), त्यामुळे त्या वक्राऐवजी त्याच्या जवळून जाणारा सोपा वक्र ठेवला जातो आणि उरलेला फरक टॉलरन्सच्या, म्हणजे चालवून घेण्याच्या मर्यादेच्या, पदराखाली झाकला जातो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये भाग तयार झाला, तिथे ही तडजोड बिनबोभाट चालते. पण तीच फाइल अधिक काटेकोर टॉलरन्स असलेल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, की झाकलेल्या फटी उघड्या पडतात.

त्या काळी आमच्याकडे येणारी बहुतेक कामे आयजेस (IGES) या प्रकारच्या फाइलमध्ये येत. 1980 मध्ये आलेल्या या फॉरमॅटमधून बहुधा सुटे, कडा कापून घेतलेले (ट्रिम केलेले) सरफेसच येत आणि कोणता सरफेस कोणाच्या शेजारी आहे याची नोंद त्यात नसे. गणितासाठी भागावर लहान लहान एलिमेंटची जाळी (मेश) पाडणाऱ्या हायपरमेश या सॉफ्टवेअरमध्ये अशी फाइल घेतली की सगळा भाग लाल रेषांनी भरून जाई, कारण ज्या कडेला शेजारी नाही ती लाल दिसते. दोन सरफेसना सामाईक असलेली कड हिरवी आणि दोनपेक्षा जास्त सरफेस एकत्र येतात ती पिवळी. लालाचे हिरवे करणे, हेच आमचे वर्षानुवर्षांचे उत्पन्न. नव्या मुलांना मात्र मी पहिल्याच दिवशी सांगतो, की बाहेरची मोकळी कड आणि भोकाचा काठ लालच राहिला पाहिजे.

फटींपेक्षाही जास्त वेळ खातात ते स्लिव्हर, म्हणजे सुरीच्या पात्यासारखे अरुंद सरफेस. अपघाताच्या सिम्युलेशनमध्ये पोलादी पत्र्यावर 5 मिमीचा एलिमेंट असेल तर गणिताची एक पायरी, म्हणजे वेळेची एक उडी, साधारण एका मायक्रोसेकंदाची पडते. पण एखाद्या स्लिव्हरमुळे 0.2 मिमीचा एकच एलिमेंट तयार झाला, तर संपूर्ण गाडीचे गणित त्या एकट्यासाठी पंचवीसपट लहान पायऱ्यांनी चालते. उपाय म्हणून मास स्केलिंग लावता येते, पण त्यात पायरी मोठी करण्यासाठी एलिमेंटचे वजन खोटेच वाढवले जाते. त्याऐवजी ती पट्टी शेजारच्या सरफेसमध्ये मिळवून कड पुसून टाकणे मला नेहमीच जास्त प्रामाणिक वाटते.

आमची सर्वांत मोठी चूक घाईतून झाली. पत्र्याच्या एका जोडकामाची फाइल शुक्रवारी संध्याकाळी आली आणि सोमवारी सकाळी मेश द्यायची होती. हाताने जोडत बसण्याऐवजी मी टॉलरन्स 1 मिमी ठेवून सगळ्या कडा एका झटक्यात जोडल्या, हिरव्या रेषा पाहून समाधानाने घरी गेलो. त्यात दोन पत्र्यांच्या कडांमध्ये मुद्दाम ठेवलेली 0.8 मिमीची फटही बुजली. प्रत्यक्षात जे पत्रे मोजक्या स्पॉट वेल्डवर (ठिपक्याएवढ्या जोडांवर) टेकलेले होते, ते आमच्या मॉडेलमध्ये पूर्ण लांबीभर एकजीव झाले. साहजिकच जोडकाम फाजील ताठ झाले आणि नैसर्गिक वारंवारिता (भाग स्वतःहून ज्या गतीने कंप पावतो ती) चाचणीपेक्षा बरीच जास्त आली. ग्राहकाच्या चाचणी विभागाने तीन आठवडे स्वतःच्याच सेन्सरवर संशय घेतला, हे मला पुढे कळले तेव्हा फार ओशाळल्यासारखे झाले. काम पुन्हा केले, अर्थातच बिल न लावता.

दोष नेमका कुठे आहे ते शोधून काढले नुकतीच डिप्लोमा होऊन आलेल्या एका मुलीने. मूळ फाइल मोठी करून ती म्हणाली, "सर, ही फट चुकून राहिलेली नाही. बघा ना, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच आहे." तिचे म्हणणे बरोबर होते. फाइलच्या भाषांतरात, म्हणजे ती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना, पडलेली फट सहसा सारखी नसते. जवळपास बसवलेला वक्र मूळ कडेला काही ठिकाणी टेकतो आणि मध्येच सुटतो, त्यामुळे तिची रुंदी कमीजास्त होत जाते. डिझायनरने ठेवलेली फट बहुधा एकसारखी असते. तेव्हापासून आमच्याकडे जोडणीची सुरुवात 0.01 मिमीपासून होते, टॉलरन्स टप्प्याटप्प्याने वाढवला जातो आणि 0.1 च्या पुढची प्रत्येक फट तीन ठिकाणी मोजूनच बुजवली जाते.

आता फाइली बहुधा स्टेप (STEP) या प्रकारात येतात, ज्यात शेजारपणाची नोंद असते, आणि हवेच्या प्रवाहाच्या गणितासाठी भागाभोवती आवरण गुंडाळून फटी आपोआप झाकणारी साधनेही आहेत. ग्राहक त्यावरून दर कमी करायला सांगतात, तेव्हा मी त्यांना आमची बदलवही दाखवतो. कोणती फट किती रुंद होती, कोणी बुजवली आणि कोणाला विचारून, हे प्रत्येक कामासोबत तिच्यात लिहिले जाते. पहिल्या पानावर त्या 0.8 मिमीच्या फटीची नोंद माझ्याच अक्षरात आहे. "कोणाला विचारून" हा रकाना तिथे कोरा आहे.