सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा

कोल्हापुरात आम्हा दोघांचा भागीदारीत जुन्या गाड्या घेऊन विकायचा धंदा. 2019 च्या महापुरानंतर आम्ही ठरवलं होतं, पाण्यात बुडालेली गाडी आपल्या दारात उभी करायची नाही. कितीही स्वस्त मिळू दे. माझा भागीदार म्हणजे एकाच तालमीत वाढलेला दोस्त, घरात जेवणाखाण्याचं येणं-जाणं. म्हणूनच 2021 च्या पुरानंतर त्यानं जे केलं, ते मला आजही पचत नाही.

त्या दिवाळीआधी एक पांढरी स्विफ्ट आली. पासिंग एमएच-09, पेपर क्लिअर, सीटकव्हर नवीकोरी. मी आईच्या ऑपरेशनसाठी मिरजेला होतो. फोनवर म्हणाला, "घरगुती गाडी हाय, मी बघितलीया. तू आईकडं बघ." कागलच्या एका मास्तरांना ती दिली. चार महिन्यांत वायरिंग गेलं. मास्तर गाडी घेऊन आले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुमच्याकडं बघून घेतली होती."

मी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. रोज बाहेर येणारा पट्टा स्वच्छ होता. पण आत गुंडाळून राहणाऱ्या शेवटच्या वीतभर भागावर गाळाची तपकिरी रेघ होती. डिकीतली स्टेपनी उचलली, तर खालच्या खोबणीत वाळलेला चिखल. नखानं खरवडला, तर ढेकूळच हातात आलं. पंचगंगेचा गाळ मी ओळखतो, दोन पुरांत घरातून उपसलाय.

बायकोचं सोनं ठेवून मी मास्तरांचे पैसे परत केले. मग वह्या काढल्या. अशाच आणखी दोन गाड्या फर्मच्या पैशानं घेतलेल्या होत्या, नफा मात्र परस्पर त्याच्या खात्यात गेला होता.

वकिलांना म्हटलं, नुकसानभरपाईचा दावा लावायचा. भागीदारानं फसवणूक करून फर्मचं नुकसान केलं तर ते त्यानं भरून द्यायचं, फर्मच्या धंद्यातून परस्पर कमावलेला नफा फर्मला द्यायचा, हे 1932 च्या भागीदारी कायद्यातच आहे. त्यांनी एकच विचारलं, "फर्म रजिस्टर आहे?"

नव्हती. स्टँपपेपरवर भागीदारीपत्र, नोटरीचा शिक्का, बस्स. आणि त्याच कायद्याचं कलम 69 आडवं आलं. फर्मची नोंदणी नसेल तर भागीदारीच्या कराराच्या किंवा या कायद्याच्या जोरावर दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. नोंदणी आता करावी म्हटलं, तर अर्जावर त्याचीही सही लागणार. तो कशाला करेल? उरली एकच वाट, फर्म विसर्जित करून हिशेब मागायचा. महाराष्ट्रात 1984 च्या दुरुस्तीनं तीही बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयानं 2009 साली ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली, म्हणून मला कोर्टाची पायरी तरी चढता आली. तुमची भागीदारी चालू असेल, दोस्ती घट्ट असेल, तर नोंदणी आत्ताच करा. बिनसल्यावर सही मिळत नाही.

भागीदारीपत्रात मुदत लिहिलेली नव्हती, म्हणून नोटीस देऊन फर्म मोडता आली. तिथून तीन वर्षांच्या आत दावा लावायचा असतो, तो लावला. आता कसबा बावड्याला कोर्टात तारखा सुरू आहेत. प्रत्येक तारखेला मी ती खरेदीची वही पिशवीत घालून नेतो. स्विफ्ट घेतल्याची नोंद त्याच्या अक्षरात आहे, मास्तरांना पैसे परत दिल्याची माझ्या. मास्तर अजून फोन करतात, "काय झालं तारखेला?" म्हणून विचारतात.