गोंदेश्वर कागदी निगेटिव्हवर: पावसाळ्यानंतरची नोंद

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या शिखरावर उभ्या रांगांत कोरलेली छोटी छोटी शिखरं आता सॉल्ट प्रिंटमध्ये (मीठ आणि चांदीचं द्रावण लावलेल्या कागदावरच्या छापात) सुटी दिसू लागली आहेत. आधी तिथे नुसता काळा गठ्ठा यायचा.

निगेटिव्हची कृती फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रेची, १८५१ मधली. कागदात आधी मेण मुरवायचं, मग आयोडाइड, मग सिल्व्हर नायट्रेट, आणि धुऊन वाळवायचा. असा कागद घरून तयार करून सिन्नरला नेता येतो, डेव्हलपिंग परत आल्यावर गॅलिक अॅसिडमध्ये. ओल्या कोलोडियनची, म्हणजे चिकट रसायन लावलेली काचेची निगेटिव्ह मात्र वाळायच्या आत जागेवरच उरकावी लागते, म्हणून मी तिच्या वाटेला जात नाही.

फरक पडला तो उजेडामुळे. कोरीव दगडाला कोवळं तिरपं ऊन हवं, हे आपल्या डोक्यात डिजिटलने पक्कं बसवलंय. पण या कागदात तयार होणाऱ्या सिल्व्हर आयोडाइडला निळा आणि अतिनील प्रकाशच कळतो. सोनेरी उन्हात तो जवळजवळ नसतोच. एक्स्पोजर लांबतं, दगड तरी मेलेलाच. उलट साडेनऊ-दहाला, आभाळ धुतल्यासारखं निळं असताना, सावलीत जो उजेड येतो तो त्या आभाळाचाच. त्यामुळे कंगोऱ्यांखालच्या खाचाही भरतात. एफ-२२ला, म्हणजे भिंगाचं छिद्र बारीक ठेवून, पंधरा मिनिटं. या स्वभावामुळेच शेंदूर फासलेली मूर्ती डांबरासारखी काळी येते, तिथे इलाज नाही.

१८५५ साली मुंबई सरकारने कॅप्टन थॉमस बिग्जला विजापूर, बदामी, ऐहोळेकडे फोटो काढायला धाडलं, तेव्हा त्याच्याजवळही कागदी निगेटिव्हच होत्या. बदामीचा वालुकाश्म आणि आपला काळा बेसॉल्ट यांची बरोबरी करू नका. आपल्याला वेळ जास्तच द्यावा लागणार.

आभाळ अजून डागाळलेलं येतं. त्याच काळातला छायाचित्रकार लिनियस ट्राइप निगेटिव्हवर ब्रशने रंग लावून आभाळ सावरायचा. हाच माणूस १८५८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वराचा शिलालेख २१ प्रिंट जोडून सुमारे १९ फूट लांबीचा करतो, म्हणजे चिकाटी काय असेल बघा! मी सध्या शिखराच्या कडेने काळी शाई लावून पाहतोय. शाई मेणावर धरत नाही, गोळा होते. थोडं ऑक्स गॉल (बैलाचं पित्त) मिसळलं की बरी पसरते.

पुढे सभामंडपातले खांब घ्यायचेत. आत उजेड फरशीवरून उसळून येतो तेवढाच, त्यामुळे एक्स्पोजर तासांत जाईल. ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याकडे अर्ज दिलाय.