पाचवी स्लाइड नेमकी कोणती?

आज चाचणीत एआय एजंटला, म्हणजे साधने वापरून कामे करणाऱ्या एआय प्रोग्रामला, सादरीकरणातील तिसरी आणि पाचवी स्लाइड काढून टाकायला सांगितली, आणि त्याने तिसरी व सहावी काढली. स्लाइड काढण्यासाठी मी त्याला दिलेल्या साधनाने (छोट्या प्रोग्रामने) दोन्ही वेळा ‘यशस्वी’ असेच उत्तर दिले.

चूक एजंटची नव्हती, माझ्या वाक्याची होती. साधन काय करते हे एजंटला सांगणाऱ्या वर्णनात मी लिहिले होते, ‘दिलेल्या क्रमांकाची स्लाइड काढून टाकते.’ तिसरी स्लाइड गेली की तिच्यानंतरच्या सगळ्या स्लाइडचे क्रमांक एकाने कमी होतात आणि मूळची सहावी पाचवी होते, हे मी इतके गृहीत धरले होते की ते लिहावे असे सुचलेच नाही. माणूस पडद्याकडे पाहून थांबला असता. एजंटसमोर मात्र ते एवढेसे वर्णनच होते.

संध्याकाळी ते पुन्हा लिहायला बसलो. मोजणी कुठून सुरू होते, हे पहिल्याच ओळीत घातले, कारण पॉवरपॉइंटच्या व्हीबीए या प्रोग्रामिंग भाषेमध्ये पहिल्या स्लाइडचा क्रमांक 1 असतो आणि स्लाइड हाताळणाऱ्या पायथन-पीपीटीएक्स या पायथन लायब्ररीमध्ये 0. अनेक स्लाइड काढायच्या असतील तर शेवटच्या क्रमांकापासून सुरुवात करावी, हेही लिहिले. खरे तर क्रमांक मागूच नये. गूगल स्लाइड्सच्या एपीआयमध्ये (प्रोग्रामांना ते वापरू देणाऱ्या दुव्यात) स्लाइड काढताना तिचा ऑब्जेक्ट आयडी, म्हणजे तिची स्वतःची ओळखखूण, द्यावा लागतो, आणि स्लाइडचा क्रम बदलला तरी हा आयडी बदलत नाही.

एक गोष्ट अजून ठरलेली नाही. ‘यशस्वी’ या उत्तरासोबत काढलेल्या स्लाइडचे शीर्षकही परत यावे, असे मला फार वाटते. तुम्ही अशी साधने लिहीत असाल, तर ते शीर्षक स्लाइड काढण्याआधी दाखवता की नंतर?